घाटाखालची जहाजं आणि घाटावरची फाउंड्री

गोणपाटात गुंडाळलेला तो तुकडा आमच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्याला अजून समुद्राचा वास येत होता. अंगावर हिरवट पापुद्रा, एका बाजूनं उभी चीर, फ्लँजचा, म्हणजे जोडणीच्या कडेचा, एक कोपरा जाग्यावर नाही. एका जुन्या जहाजाच्या पंपाकडं समुद्राचं पाणी नेणाऱ्या व्हॉल्व्हची ती बॉडी होती. मूळ कारखाना परदेशातला, कधीच बंद झालेला. ड्रॉइंग कुणाकडं नाही. जहाज तिकडं गोदीत अडकून पडलेलं, आणि किनाऱ्यावरच्या एका ठेकेदाराचा माणूस विचारत विचारत बेळगावच्या उद्यमबागेत, आमच्या औद्योगिक वसाहतीत, पॅटर्न शॉपपर्यंत पोचलेला. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात तो लाकडी नमुना.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कॅलिपर हातात घ्यायच्या आधी एकच विचारलं, "ह्यातनं पाणी गोडं जातंय की खारं?" पुढचं सगळं त्यावर होतं. साधं पितळ खाऱ्या पाण्यात राहिलं तर त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागं तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो; बाहेरून आकार तोच, आत जीव नाही. म्हणून तिथं गनमेटल, म्हणजे तांबं-कथलाचं कासं, लागतं, नाहीतर निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझ. गनमेटल निवताना बिडापेक्षा, म्हणजे ओतीव लोखंडापेक्षा, जास्त आकसतं, म्हणून पॅटर्न करणाऱ्याची श्रिंकेजची, म्हणजे आकसणं धरून वाढवलेल्या मापांची, पट्टीही वेगळी. आठ दिवसांत सागवानाचा दोन भागांतला पॅटर्न आणि आतली पोकळी पाडणाऱ्या गाभ्याचा साचा, म्हणजे कोअर बॉक्स, तयार झाला. शेजारच्या छोट्या फाउंड्रीत ओतकाम झालं, पाण्याचा दाब देऊन पाहिलं, कुठं झिरपलं नाही.

अवघड भाग त्यानंतर सुरू झाला. नमुन्याचा तुकडा नेमून दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा, निरीक्षक येईल त्या दिवसाची वाट बघायची, तो आला की कागद पुन्हा नव्या नमुन्यात भरायचे. वस्तू करायला जेवढा खर्च आला त्याहून जास्त ती बरोबर आहे हे सिद्ध करायला आला. पैसे अकरा महिन्यांनी मिळाले. आणि त्याच जातीचा दुसरा भाग मागायला परत कुणी आलं नाही. तो ठेकेदार वाईट माणूस नव्हता. पुढं कधी आणि किती लागणार हे त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

या एका व्हॉल्व्हपासून मी ज्या मतावर आलो ते इथं मांडतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी या आमच्या सीमाभागासाठी गेली काही वर्षं एक मागणी सगळ्या पक्षांचे आणि दोन्ही भाषांचे पुढारी करत आले आहेत: संरक्षण उद्योगाचं पार्क द्या, कॉरिडॉर द्या, जमीन द्या. २०१८ साली केंद्रानं उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला संरक्षण कॉरिडॉर जाहीर केले, तेव्हापासून आपल्याला का नाही ही हळहळही आहे. मला ही मागणी चुकीच्या टोकापासून सुरू झालेली वाटते. आपण आधी जहाजांची डागडुजी मागायला हवी. सतत चालणारी, थोडी थोडी, दर वर्षी ठरून येणारी डागडुजी. जमीन त्यानंतर मागता येईल, आणि तेव्हा त्या जमिनीवर काय करायचं हेही आपल्याला माहीत असेल.

असं म्हणण्याला आधार कशाचा, तर देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या युद्धनौका-कंपनीच्या इतिहासाचा.

माझगाव डॉकचं नाव आमच्या भागात घरोघर माहीत आहे, कारण खानापूर-चंदगडकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेली. त्या कंपनीची गोष्ट आपण सांगतो ती मात्र विनाशिका आणि पाणबुड्यांची. नारळ फुटला, जहाज पाण्यात गेलं, मंत्री आले. खरं तर तिची मुळं १७७४ सालच्या एका लहानशा सुक्या गोदीत आहेत. सुकी गोदी म्हणजे जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं आणि तळ उघडा पाडायचा. तळाला धरलेले शिंपले खरवडणं, सडलेली फळी नाहीतर गंजलेला पत्रा बदलणं, पंख्याचा शाफ्ट काढून तपासणं, बॉयलरच्या नळ्या बदलणं, हे तिथलं काम. १९३४ मध्ये तिची कंपनी झाली, तीही पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या जहाज कंपन्यांच्या मालकीची. त्यांच्या बोटींची देखभाल हाच तिचा मुख्य धंदा. १९६० मध्ये भारत सरकारनं ती ताब्यात घेतली. पहिल्या गोदीपासून इथवर १८६ वर्षं झाली होती, आणि मोठी युद्धनौका या गोदीनं अजून बांधलेली नव्हती.

मग १९६६ मध्ये 'नीलगिरी'चा कणा ठेवला गेला. आराखडा ब्रिटिशांचा, लिअँडर जातीच्या फ्रिगेटचा, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौकेचा. १९६८ मध्ये जहाज पाण्यात उतरलं, ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झालं. अशी सहा जहाजं एकामागोमाग एक झाली. हे 'एकामागोमाग एक' फार महत्त्वाचं आहे. पहिल्या जहाजावर जो फिटर परदेशी कागद बघून पाइप बसवत होता, त्याला तिसऱ्या-चौथ्या जहाजापर्यंत कागदातली चूक दिसायला लागली असणार. शेवटच्या दोन जहाजांत, 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी'मध्ये, मोठं सी किंग हेलिकॉप्टर मावावं म्हणून मूळ आराखड्यात बराच बदल करायची हिंमत झाली. त्याच अनुभवावर 'गोदावरी' आली, १९८३ मध्ये, भारतीय आराखड्याची. पुढं १९९७ ची 'दिल्ली', आणि मग आजच्या विनाशिका. आधी दुरुस्ती, मग बरहुकूम नक्कल, मग नक्कलेत बदल, मग स्वतःचा आराखडा. एकही पायरी गाळलेली नाही, आणि सगळ्यात खालची पायरी सगळ्यात लांब आहे.

माझे एक मामा त्याच परिसरात खासगी कंत्राटदाराकडं पाइप फिटर होते. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या बाजूला गाळ्यात आठ-दहा गाववाल्यांबरोबर राहायचे, गणपतीला आणि मे महिन्यात गावी यायचे. जहाजाच्या पोटात जुना पाइप जिथून काढला तिथं दुसरा बसवायचा तर मोजपट्टी चालत नाही. वळणं तिन्ही दिशांना असतात. मग ते एक बारीक सळई घेऊन त्या जागेत घुसायचे, सळई वाकवत वाकवत वळण तिच्यात उतरवायचे आणि बाहेर येऊन त्या सळईवरून पाइप वाकवून घ्यायचे. त्यांच्या डायरीत मराठीत मापं लिहिलेली असायची, 'दोन सूत आत', 'अर्धा सूत सैल'; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अण्णा फुटक्या तुकड्यावरून पॅटर्न करतात आणि मामा सळईवरून पाइप करायचे, ही एकच विद्या आहे. जी वस्तू पुरती शिल्लक नाही तिचं रूप हाताला ठाऊक असणं. डागडुजीतच ही शिकता येते. नव्या वस्तूचं ड्रॉइंग मिळतं, त्यामुळं तिथं तिची गरजच पडत नाही.

ही विद्या किती लवकर विरते, हे त्याच माझगावनं पाहिलं. डिसेंबर १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कीलला बांधल्या, दोन माझगावला. 'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात आल्या. आपली माणसं जर्मनीत जाऊन शिकून आली होती. पाणबुडीच्या दाबकवचाचं वेल्डिंग म्हणजे साधं काम नव्हे. खोल पाण्याचा सगळा भार त्या सांध्यांवर येतो, आणि एक पोकळी राहिली तरी सांधा पुन्हा कापावा लागतो. ती माणसं तयार झाली, आणि कमिशनखोरीच्या आरोपांच्या धुरळ्यात पुढच्या पाणबुड्या रद्द झाल्या. नवा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला, फ्रेंच स्कॉर्पिन जातीच्या सहा बोटींचा. त्यातली पहिली, 'कलवरी', २०१२ ला अपेक्षित होती. ती १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. विलंबाला साहित्य खरेदीपासून अनेक कारणं होती. पण मधल्या काळात हातातलं कौशल्य पांगलं, हे त्यातलं मोठं कारण होतं. बऱ्याच वेल्डिंग संहितांमध्ये असा नियमच आहे की एखाद्या पद्धतीनं सहा महिने काम केलं नाही तर वेल्डरचं प्रमाणपत्र संपतं. दहा वर्षांहून जास्त काळ एकही ऑर्डर नाही म्हटल्यावर प्रमाणपत्राचं काय, माणूसच निवृत्त होतो. त्या तोट्याचा आकडा कुठल्या ताळेबंदात दिसत नाही. 'खांदेरी' हे शिवकालीन जलदुर्गाचं नाव पाणबुडीला दिलं तेव्हा आपल्याला, मराठी माणसाला, अभिमान वाटला आणि तो रास्तच आहे. त्याच अभिमानानं आपण हेही विचारायला हवं होतं की पुढची ऑर्डर कधी.

म्हणजे कंपनी मोठी असो की छोटी, तिला जगवते ती कामाची सलगता. आणि सलग काम बांधणीत फार क्वचित असतं. 'नीलगिरी' बांधायला सहा वर्षं लागली, ती चालली चोवीस वर्षं, १९९६ पर्यंत. या चोवीस वर्षांत तिचे किती व्हॉल्व्ह, किती पंप, किती बेअरिंगच्या खोळी बदलल्या असतील! बांधणीचा सोहळा एकदा होतो; दुरुस्ती रोज चालते.

याची उलट बाजूही आपल्याच माणसाच्या गोष्टीत आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सिंदिया या जहाज कंपनीसाठी थेट नवी गोदी उभारायचं मनावर घेतलं. मुंबई-कलकत्त्यात जागा मिळेना तेव्हा विशाखापट्टणम गाठलं. जून १९४१ मध्ये पायाभरणी झाली, आणि १४ मार्च १९४८ रोजी 'जलउषा' पाण्यात उतरली. त्या धाडसापुढं मी नतमस्तक आहे. पण दुरुस्तीचा पाया न घालता थेट बांधणीत उतरलेली ती गोदी ऑर्डरींसाठी सरकारच्या तोंडाकडं बघत राहिली; १९५२ मध्ये सरकारी झाली, आणि पुढंही कित्येक दशकं कधी हातात काम, कधी मोकळे हात, असंच चाललं. त्याच्याशेजारी लार्सन अँड टुब्रो ठेवून बघा. १९३८ मध्ये दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत दूध-डेअरीची यंत्रं मागवून विकायला सुरुवात केली, महायुद्धात बाहेरून माल येईना तेव्हा जहाजदुरुस्तीत शिरले, आणि आज अणुपाणबुडीचं कवच बांधण्यापर्यंत पोचले.

आता आमच्या गावाकडं येतो, कारण बेळगावकराला हे सांगायला मुंबईला जायची गरजच नव्हती.

शहरातल्या किर्लोस्कर रोडवरून आम्ही रोज जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये भावाबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकल विकायची, चालवायला शिकवायची, बिघडली तर नीट करायची. त्यातून कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमीन नासते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. आणि मग नगरपालिकेला शहर वाढवायला ती जागा हवी झाली, कारखाना उठला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, निवडुंगानं भरलेल्या बत्तीस एकरांत किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट आमच्याकडं जमिनीची गोष्ट म्हणून सांगितली जाते: बेळगावनं जागा दिली नाही, औंधनं दिली. मलाही लहानपणी तशीच सांगितली. तिच्यात तथ्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला ती आडवी येते हेही मान्य करतो. पाय रोवायला जागा लागतेच. पण औंधच्या राजांनी जमिनीबरोबर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि घाई केली नाही, तो भाग आपण भरभर सांगून टाकतो. त्या माळरानावर नाग मारत झोपड्या उभारणाऱ्यांना पुढची वर्षं तगवलं ते कुणीतरी थांबायला तयार होतं म्हणून.

आजचं बेळगाव रिकामं नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्रींतून पंपांचे, व्हॉल्व्हचे, ट्रॅक्टरचे, कॉम्प्रेसरचे भाग देशभर जातात. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात एअरबस आणि बोइंगच्या विमानांचे भाग होतात. हायवेवरून जाताना आपल्याला फक्त भिंत आणि फाटक दिसतं, आत एकेका मायक्रॉनचा हिशोब चाललेला असतो. सांबऱ्याला हवाई दल, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आमच्याच गावात. एवढं असून इथलं बहुतेक काम जॉबवर्क आहे. ड्रॉइंग दुसऱ्याचं, कच्चा माल दुसऱ्याचा, नाव दुसऱ्याचं, आपली मजुरी किलोवर. वाहन उद्योगाला मंदी आली की मच्छ्यातल्या फर्नेसच्या हीट, म्हणजे धातू वितळवायच्या फेऱ्या, आठवड्याला सहावरून तीनवर येतात आणि चहाच्या टपऱ्याही लवकर मिटतात. पोरं भोसरी-चाकणला, नाहीतर गोव्यात वेर्ण्याला जातात. अण्णांच्या हाताखाली काम शिकलेल्या सात जणांपैकी आज पॅटर्नच्या कामात दोन उरलेत.

आणि घाट उतरला की काय आहे? वास्कोला गोवा शिपयार्ड. १९५७ मध्ये पोर्तुगीज अमलात सुरू झालेली ही गोदी गोव्याच्या मुक्तीनंतर काही वर्षं माझगाव डॉककडंच चालवायला होती, १९६७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. चोर्ल्यातून नाहीतर अनमोडातून ट्रक सकाळी निघाला तर दुपारी तिथं. दुसऱ्या बाजूला, रामनगर-जोयड्यावरून अणशीचा घाट उतरलं की कारवार. १९८६ मध्ये पायाभरणी होऊन २००५ मध्ये तिथं नौदलाचा 'कदंब' तळ सुरू झाला. त्यासाठी किनाऱ्यावरच्या मच्छीमार आणि शेतकरी कुटुंबांनी गावं सोडली, ते ऋण वेगळंच आहे. जहाज पाण्यातून अलगद उचलून जमिनीवर घेणारी शिपलिफ्ट तिथं आहे, नौदलाचं दुरुस्ती यार्ड आहे, आणि तळ अजून वाढतो आहे.

'बेळगाव, कारवार, निपाणी' ही तीन नावं मी पाळण्यात असल्यापासून एका दमात ऐकत आलो. आमच्या घरात एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळला जातो. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि मराठी भाषेच्या हक्कासाठी मी आजही उभा राहतो. पण घोषणेत कारवारचं नाव घेणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी कारवारच्या जहाजांना काय लागतं हे जाऊन पाहिलं? ही नावं जोडणारा एक रस्ता लोखंडाचा आणि काशाचा होऊ शकतो, आणि त्यावर मराठी मोल्डर, कन्नड मशिनिस्ट आणि उत्तरेतून आलेला, ओतलेला माल घासून साफ करणारा फेटलर आजही एकाच शेडमध्ये काम करताना दिसतात. त्यासाठी कुठल्याही निकालाची वाट बघायची गरज नाही.

अडचणी खऱ्या आहेत. पहिली धातूची. आमच्या बहुतेक भट्ट्या बीड आणि एसजी आयर्न, म्हणजे कमी ठिसूळ बीड, ओततात. साधं बीड ठिसूळ असतं. पाण्याखालच्या स्फोटाच्या हादऱ्यात ते तडकतं, म्हणून युद्धनौकेत ते टाळतात. काशाचं आणि पोलादाचं ओतकाम करणारे इथं थोडे आहेत. त्यांना नवी भट्टी घालायची तर कर्ज काढावं लागेल, आणि वर्षाला चार नग लागतील की चाळीस हे माहीत नसताना कुठला शहाणा माणूस कर्ज काढेल?

दुसरी अडचण शिक्क्याची, आणि ती मी सुरुवातीला सांगितली. नौदलानं तपासणी सैल करावी असं मी चुकूनही म्हणणार नाही. त्या व्हॉल्व्हच्या मागं शेकडो पोरांचा जीव असतो. पण निरीक्षक लांबून एका नगासाठी येतो, त्याऐवजी महिन्यातले ठरलेले चार दिवस बेळगावात बसेल, तर त्याच कडक तपासणीचा खर्च वीस नगांवर वाटला जाईल. एवढ्या एका बदलानं उद्यमबागेतले कितीतरी जण या कामाकडं वळतील, असं मी शेजारपाजारच्या शेडमध्ये बसून बोललो त्यावरून सांगतो.

तिसरी गोष्ट थोडी वेगळी आहे. ऑगस्ट २०२० पासून 'सृजन' पोर्टलवर संरक्षण खातं आणि त्याच्या कंपन्या परदेशातून येणाऱ्या वस्तूंच्या याद्या टाकतात आणि देशी उद्योगांना म्हणतात, यातलं काय करू शकता ते सांगा. चांगलं पाऊल आहे. पण पॅटर्न मेकरला यादी वाचून काही कळत नाही. त्याला वस्तू हातात लागते. उलटीपालटी करून बघावी लागते, कुठं झिजलीय ते बोटानं चाचपावं लागतं. म्हणून माझी मागणी अशी की कारवार आणि वास्कोच्या गोद्यांनी त्यांच्याकडं पडलेले, ज्यांचं ड्रॉइंग नाही आणि मूळ कारखाना नाही असे फुटके, झिजलेले भाग सहा महिन्यांतून एकदा बेळगावात आणून मांडावेत. जे गुप्त आहे ते गुप्तच राहू दे. पाण्याचा व्हॉल्व्ह आणि पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं चाक, यात गुपित फार नसतं. आमच्या मेस्त्रींनी ते बघावेत आणि जागच्या जागी सांगावं, हे जमेल, हे नाही. जे जमेल त्याचा पाच वर्षांचा दरकरार व्हावा, वर्षाला किमान इतके नग अशी हमी देऊन. लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचा कायदा २००६ पासून आहेच. तो दुरुस्तीच्या साखळीतल्या शेवटच्या फाउंड्रीपर्यंत पोचावा.

माझे एक स्नेही, अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात, ते म्हणाले, "तू मुलांना परत ठोकपीट करायला सांगतोयस. जग डिझाइनकडं चाललंय." त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. मुलानं डिझाइन करावं ही माझीही इच्छा आहे. पण 'गोदावरी'चा आराखडा कुठून आला हे पाहिलं तर उत्तर तिथंच आहे. फुटलेला भाग ज्यानं शंभरदा हाताळला त्याला कळतं की चीर नेहमी त्याच कोपऱ्यात का जाते. तिथं गोलाई वाढवली पाहिजे हे त्याला सुचतं. आणि ते कागदावर उतरलं की त्याला डिझाइन म्हणतात. आमच्या महाविद्यालयांतली मुलं शेवटच्या वर्षाला तयार प्रोजेक्ट विकत आणतात, त्यापेक्षा एका झिजलेल्या इम्पेलरचं स्कॅन करून, धातू तपासून, तो का झिजला याचा अहवाल त्यांनी लिहिला तर नौदलाला आणि मुलाला दोघांना उपयोग आहे. मेस्त्रीचं मराठी-कन्नड ज्ञान आणि मुलाचं कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग एका टेबलावर यायची ती जागा आहे.

नौदल छोट्या माणसावर विश्वास टाकत नाही, असंही कुणी म्हणेल. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या छोट्या गोदीनं बांधलेली 'म्हादेई' नौदलानं २००९ मध्ये घेतली. तिच्यातून दिलीप दोंदे एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० मध्ये परतले, आणि अभिलाष टॉमी २०१३ मध्ये कुठंही न थांबता. एका नौकेवर ते थांबलं नाही. २०१७ मध्ये त्याच गोदीतून 'तारिणी' आली, आणि सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरून आल्या. पहिलं काम नीट झालं म्हणून दुसरं मिळालं. आणि म्हादेई ही नदी कुठं उगम पावते? आमच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात. तिच्या पाण्यावरून दोन राज्यं भांडतात, तिचं नाव घेऊन एक होडी साती समुद्र ओलांडून आली. हे मला नेहमी फार हलवून जातं.

दुरुस्ती ही मागं पडलेल्यांची गोष्ट आहे असं वाटणाऱ्यांसाठी आणखी एकच सांगतो. विनाशिका आणि पाणबुड्या बांधून झाल्यावर, २०२३ मध्ये, माझगाव डॉकनं अमेरिकेच्या नौदलाशी करार केला. त्यांच्या जहाजांची दुरुस्ती करण्याचा.

त्या व्हॉल्व्हचा पॅटर्न अजून आमच्या माळ्यावर आहे. पावसाळ्यात लाकूड फुगू नये म्हणून अण्णा दर मे महिन्यात त्याला रंगाचा एक हात देतात, बाकी पॅटर्नना द्यायला विसरले तरी याला देतात. खाली खडूनं लिहिलंय, 'खारं पाणी, गनमेटल'. तसल्याच व्हॉल्व्हसाठी दुसरं एखादं जहाज आज वास्कोला किंवा कारवारला थांबलेलं असेल, तर ते आम्हाला कळायची सोय अजून नाही, आणि पॅटर्न इथं तयार आहे हे त्यांना कळायचीही नाही.